नेबखाऊचं ठाणं

नगा हम्माद
३ नोव्हेंबर १९५७

माझ्या काकाच्या लेका महरूस, सलाम.

अभिनंदन. हा शब्द मी तीनदा लिहून खोडला. कागद वाया जातोय म्हणून चौथ्यांदा तसाच ठेवला. सक्काऱ्याच्या उत्खननाचा मुकादम झालास! गावी कुफ्तमध्ये तुझ्या आईनं अख्ख्या गल्लीला सरबत पाजलं म्हणे. आमची आईही प्यायली आणि घरी येऊन दार लावून बसली.

ती जागा बाबांची होती. एकोणीस वर्षं त्यांनी त्या वाळूवर काढली. ते गेल्यावर कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारलाच नव्हता, कारण उत्तर अंगणातच चहा पीत बसलेलं असायचं. पण उत्खननाचे प्रमुख उस्ताद लबीब, त्यांना तू आवडलास. तू हसतोस छान. मला ते जमत नाही. फावडं कसं धरायचं, खापरी निघाली की हात कसा हलका करायचा, हे तुला कुणी शिकवलं ते उस्तादांना ठाऊक नसेल. तू सांगितलं असशीलच, म्हणा.

मला इथं या टेकाडावर टाकलंय. बावीस माणसं आणि एक गाढव. चार हजार वर्षांपूर्वीच्या गावपाटलांची थडगी, तीही लुटलेली. गेल्या आठवड्यात वाण्यानं साखर बांधून दिली, त्या वर्तमानपत्राच्या कागदावर तुझा फोटो होता. उस्तादांच्या शेजारी, छाती पुढे काढून. मी साखर तेवढी काढून घेतली.

झन्नूबाला सांग, भाऊ बरा आहे. तू तिचा नवरा आहेस, म्हणून एवढं तरी लिहिलं.

शहात

·

सक्कारा
२० नोव्हेंबर १९५७

शहातदादा, सलाम.

तुझं पत्र झन्नूबाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "साखर त्यानं काढून घेतली ते खरंच, इथं नुसती मिरचीच पोचलीय." रागावू नकोस. ही जागा मी मागितली नव्हती. उस्तादांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "शहातला बोलवा, तो माझा गुरू आहे." ते म्हणाले, "त्याला माणसं घाबरतात. मला अशा मुकादमाची गरज आहे ज्याला माणसं हसून हाक मारतील." 

आता कामाचं सांगतो, तुझी भूक चाळवेल. नेबखाऊ नावाचा एक राजा होता. त्याचा पिरॅमिड कुणी बघितलेला नाही. तो आहे कुठं हे कुणालाच माहीत नाही. पण इथल्या चार थडग्यांत चार पुजारी दगडावर कोरून गेलेत, की आम्ही नेबखाऊच्या पिरॅमिडचे पुजारी. एकानं तर पिरॅमिडचं नावही लिहिलंय: 'नेबखाऊचं ठाणं अढळ आहे'. उस्ताद म्हणतात, "ज्या देवळाला चार पुजारी लागायचे ते देऊळ काय हवेत होतं?"

तीन हंगामांची परवानगी आहे. एकशे चाळीस माणसं आहेत. दादा, कुफ्तच्या एकाही मुकादमानं आजवर आख्खा पिरॅमिड वाळूतून काढलेला नाही. काकांनीही नाही. मी काढला तर?

आता विचारायचं ते. 'उंटाचं वशिंड' तुला आठवतच असेल, तो जुन्या राजाचा पडका पिरॅमिड. चारही पुजाऱ्यांची थडगी त्याच्या उत्तरेला आहेत, म्हणून आम्ही उत्तरेला खणतोय. पण उस्तादांचं मन दक्षिणेकडे ओढ घेतं. तुझं नाक वाळूला ओळखतं. तू काय म्हणतोस?

महरूस

·

नगा हम्माद
१४ जानेवारी १९५८

महरूस, सलाम.

उशीर झाला, राग मानू नकोस. मधे जरा काम निघालं होतं.

तू एवढ्या मोकळेपणानं विचारलंस, बरं वाटलं. मागच्या पत्रात मी जरा वाकडं बोललो, ते सोड. काकाचा लेक तू, आणि माझ्या बहिणीचा नवरा. तुझं नाव झालं तर ते आपल्याच घराचं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे उत्तरच. पुजारी कुठं पुरले जातात? आपल्या राजाच्या पायाशी. चार थडगी उत्तरेला, म्हणजे राजा उत्तरेला. दक्षिणेकडे पाऊलही टाकू नकोस. तिथं सगळी वाऱ्यानं आणलेली वाळू, आज काढली की उद्या परत तेवढीच. हंगाम जाईल आणि माणसं हसतील. उस्तादांना सांग, शहातनं त्या वाळूत बापाच्या हाताखाली पंधरा वर्षं घातलीत.

इथं विशेष काही नाही. मडक्यांचे काठ, मण्यांची एक तुटकी माळ. एका पडक्या खोलीत एक फुटकी शिळा निघाली, चार ओळींची, अर्धी खपली उडालेली. काही कामाची नाही. बाजूला ठेवली.

तू मात्र दर महिन्याला लिहीत जा. कुठं खणलंस, किती खोल गेलास, सगळं. मला आवडतं वाचायला.

झन्नूबाला खजूर पाठवलेत.

शहात

·

सक्कारा
२ मार्च १९५८

शहातदादा, सलाम.

खजूर पोचले. पत्रही. झन्नूबा म्हणाली, "दादाचं पत्र फार गोड आहे, मला भीती वाटते." मी तिला गप्प केलं.

हंगाम संपला. उत्तरेला आम्ही चाळीस दिवस खणलं, सहा हात खोल. काय निघालं? कच्च्या विटांची एक भिंत आणि एका विहिरीत गुंडाळून ठेवलेले तीनशे मेलेले ससाणे. पाट्या वाहणाऱ्यांनी माझ्यावर गाणं रचलंय. फावड्याच्या तालावर म्हणतात, "मुकादमाचा राजा उडाला, पिसं ठेवून गेला!" मी पण हसतो. हसावं लागतं.

उस्ताद म्हणाले, "पुढच्या हंगामात दक्षिणेला जाऊ." मी त्यांच्याशी भांडलो दादा, पहिल्यांदाच. म्हणालो, "शहातचं नाक आजवर चुकलेलं नाही. तो उत्तर म्हणतो तर उत्तरच." त्यांनी समोरचा नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "ठीक. आणखी एक हंगाम उत्तर. पण जबाबदारी तुझी."

तेव्हा आता नीट विचार करून सांग. कुठं कमी पडलो?

महरूस

·

नगा हम्माद
११ नोव्हेंबर १९५८

महरूस, सलाम.

नवा हंगाम सुरू होतोय, म्हणून आता लिहितो. कमी कुठं पडलास ते सरळ आहे. खोलीत. सहा हात खणून वर आलास, याला खणणं म्हणत नाहीत, याला ओरखडणं म्हणतात. वरचवर खणणारे पुष्कळ असतात. मुकादम तो, जो खडक लागेपर्यंत थांबत नाही. बाबा एकदा चौदा हात खाली गेले होते, आठवतं? तुला तेव्हा वरून बघतानाही चक्कर आली होती. अजून येत असेल तर तसं सांग, मी उस्तादांना लिहून कळवतो.

विटांची भिंत लागली तिच्या पलीकडे चर घाल आणि खाली जा. मधेच थांबू नकोस.

शहात

·

सक्कारा
६ फेब्रुवारी १९५९

दादा,

हे पत्र झन्नूबा लिहितेय. अक्षर वाईट आहे, समजून घे.

मंगळवारी दुपारी चर ढासळला. तेरा हात खोल गेला होता. उस्ताद आदल्या दिवशीच म्हणाले होते, कडांना उतार द्या. हे म्हणाले, "एक दिवस द्या, खडक लागतोच आहे." खाली तिघं होते. वाळू सुटायला लागली तशी ह्यांनी एकाला शिडीवर ढकललं, दुसऱ्याच्या हातात दोरी देऊन त्याला वर ढकललं आणि स्वतः राहिले. गळ्यापर्यंत गाडले गेले. एकशे चाळीस माणसं हातांनी वाळू उपसत होती. फावडं लागेल म्हणून फावडं कुणी घेईना. मी वर उभी होते. मला फक्त डोकं दिसत होतं आणि एक हात.

जगले. कंबरेचं हाड मोडलंय. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, चालतील, पण काठ्या घेऊन. फावडं पुन्हा नाही. उतरणं-चढणं नाही.

तापात सारखे बडबडत होते, "शहातनं सांगितलंय, उत्तरेलाच आहे, आणखी दोन हात." शुद्धीवर आल्यावर उस्ताद भेटायला आले. त्यांचा हात धरून हे म्हणाले, "माझी जागा शहातला द्या. त्याच्याखेरीज हे काम कुणाला जमणार नाही." उस्तादांनी होकाराची मान हलवली. तुला पत्र येईल.

तुला हवं ते मिळालं दादा. असं लिहायचं नव्हतं मला. पण लिहिलं गेलं.

झन्नूबा

·

नगा हम्माद
१५ फेब्रुवारी १९५९

महरूस,

हे पत्र तू एकट्यानं वाच.

चौदा महिन्यांपूर्वी, तुझं पहिलं पत्र आलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, इथल्या एका पडक्या खोलीत मला एक शिळा सापडली. तुला 'कामाची नाही' म्हणून लिहिली ती. त्या थडग्यातला माणूस तरुणपणी तिकडे, राजधानीत पुजारी होता. म्हातारपणी गावी परतला आणि आपण काय काय केलं ते कोरून घेतलं. राजाच्या नावाभोवतीचं लंबगोल कडं लांबूनच ओळखू येतं. नेबखाऊ. त्याच्याखाली पिरॅमिडचं नाव, तू लिहिलं होतंस तेच. पुढे दुसरं कडं: वशिंडवाला जुना राजा. आणि दोन्हींच्या मधे ते पाती फुटलेलं रोप. दक्षिण. आजोबांनी आपल्या दोघांना वाळूत बोटानं काढून शिकवलेलं पहिलं चिन्ह.

नेबखाऊचा पिरॅमिड वशिंडाच्या दक्षिणेला आहे, महरूस. मला तेव्हापासून माहीत होतं.

माणसांना जेवायला पाठवलं आणि शिळा परत पुरली. मग घरी येऊन तुला लिहिलं, की उत्तर.

का, ते सांगतो. आईला माझ्या आधीची दोन मुलं गेली होती. दृष्ट लागू नये म्हणून तिनं माझं नाव शहात ठेवलं, भिकारी. चार वर्षांनी तू झालास, तुझं नाव महरूस, देवानं राखलेला. मला लोकांची दृष्ट लागू नये म्हणून एवढं केलं, पण माझीच दृष्ट कुणाला लागू नये म्हणून कुणी काही केलं नाही. तू बाबांच्या जागेवर बसलास तेव्हा वाटलं, फक्त एक हंगाम. एक हंगाम तुझ्यावर माणसं हसू देत, मग सांगेन. ते गाणं तू लिहून पाठवलंस ना, मी ते कामावर गुणगुणायचो. हंगाम संपला आणि मला आणखी एक हवासा झाला.

खोल जा असं मीच म्हणालो. चक्कर येते का, असंही मीच विचारलं.

मुकादमपदाचं पत्र कालच आलं. उघडलेलं नाही. तू हे पत्र उस्तादांना दाखव. मला माफी मागायची नाही, कारण तू देशील अशी मला भीती वाटते.

शहात

·

कुफ्त
२२ एप्रिल १९५९

शहात,

इस्पितळातून सुटून गावी आलो. दोन काठ्या आहेत. खाटेपासून दारापर्यंत सव्वीस पावलं, मोजली.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. दया म्हणून नाही. तुला हाकललं तर ते दुसरीकडचा कुणीतरी मुकादम आणतील. तो नवा येणार, जागा समजून घेणार, तोवर परवानगीचा तिसरा आणि शेवटचा हंगाम संपेल, आणि नेबखाऊ वाळूतच राहील. मला तो बाहेर यायला हवाय. माझी कंबर त्याच्यात गेली आहे.

तेव्हा ऐक. हे पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी, सरकारी निरीक्षक आणि सगळी माणसं समोर असताना, ती शिळा पुन्हा खणून काढ. आश्चर्य वाटल्यासारखं कर. तोंडावर एक दाखवून पोटात दुसरं ठेवायला तुला जमतं, आता सगळ्यांत जास्त मला माहीत आहे. मग सक्काऱ्याला जा, माझ्या जागेवर बस, आणि दक्षिणेला खण.

माझ्या माणसांना शिव्या देऊ नकोस, त्यांना सवय नाही.

झन्नूबाला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

महरूस

·

कुफ्त
१९ मे १९५९

दादा,

तुझं पत्र वाचलं. दोनदा, कारण पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं वाचतेय.

हेवा कुणाला होत नाही? तुझ्या बायकोच्या बांगड्यांचा मी सहा वर्षं केला. पण म्हणून त्या कालव्यात नाही फेकल्या.

आईला मी काही बोलले नाही. ती तुझ्या मुकादमपदाचं सरबत गल्लीत वाटत होती. मला पण दिलं. सगळ्यांसमोर प्यावं लागलं.

शेखांच्या उरुसाला घरी येऊ नकोस.

झन्नूबा

·

सक्कारा
२४ जानेवारी १९६०

महरूस, सलाम.

तू विचारलेलं नाहीस, तरी लिहितो. लिहिण्याचा हक्क नसला तरी कळवणं माझ्यावर आहे.

शिळा वाचून उस्तादांनी दक्षिणेला खुणा मारल्या. मी कडांना उतार देऊन खणायला लावलं, वेळ गेला तर जाऊ दे म्हणालो. नवव्या आठवड्यात खडक लागला आणि खडकात काप. माणसानं छिन्नीनं घेतलेला सरळ काप. त्याच्या मागे गेलो तर कोपरा, मग दुसरा. चौकोन आहे. एक बाजू माझ्या पावलांनी सत्तर.

आणि आत काही नाही.

एकही मोठा दगड नाही, महरूस. नुसती पांढरी कपची, पिठासारखा चुरा, आणि एका बाजूला भट्ट्यांची राख. नंतरच्या लोकांनी पिरॅमिड दगडादगडानं उचलून नेला, उरलेल्याचा चुना भाजला. कुठल्या कुठल्या गावांच्या भिंतींत तो बसलाय देव जाणे. राजाच्या नावाचा एक तुकडा मिळाला, तळहाताएवढा, कड्यातली दोनच चिन्हं शिल्लक. उस्ताद म्हणतात, "तोच असावा. पण छातीठोकपणे कधीच सांगता येणार नाही." मग ते खड्ड्यात खाली बसले आणि टोपी काढून हसत सुटले. म्हणाले, "नेबखाऊचं ठाणं अढळ आहे!"

ते हसत होते तेव्हा मी त्यांना सांगितलं. शिळा, तारीख, तुला लिहिलेली पत्रं, सगळं. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी टोपी झटकून परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत काम कर. त्यानंतर मला तू या वाळूवर दिसता कामा नयेस."

बरोबरच आहे. मार्चमध्ये मी जाईन. कुफ्तला नाही, अस्वानला मामांकडे. या जागेवर पुढे कोण येईल माहीत नाही. आपल्या घरातलं कुणी नसेल.

तुझी माणसं तुझी आठवण काढतात. मला हसून कुणी हाक मारत नाही.

शहात

·

कुफ्त
९ फेब्रुवारी १९६०

शहातदादा,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. उठायलाही मला वेळ लागतो.

तू उस्तादांना सांगून टाकलंस. तुझी जागा गेली. मला बरं वाटायला हवं होतं. झन्नूबाला वाटलं, ती त्या दिवशी किती महिन्यांनी मुलुखियाची पालेभाजी करताना गाणं म्हणाली. मला नाही वाटलं. मी वाट बघत होतो की आता वाटेल, मग वाटेल. नाहीच वाटलं.

एकच दिसतं मला. तू त्या कापाच्या मागे चालत गेलास. कोपरा लागला तेव्हा तू तिथं होतास, तुझा हात त्याच्यावरून फिरला. माझा नाही. खोटं बोललास तू, मला गाडलंस तू, आणि बघितलंस पण तूच. ताट समोर आलं की मी ते सरकवून देतो. दारासमोरून कुणी फावडं खांद्यावर टाकून गेला तरी मी तोंड फिरवतो. काल शेजारचा म्हातारा म्हणाला, "महरूस, तुझ्या डोळ्यांत काहीतरी आलंय, औषध घाल." मी घरात येऊन आरशात बघितलं. दादा, तुझेच डोळे.

इतकी वर्षं हे घेऊन तू जेवत कसा होतास?

मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही माहीत नाही. झन्नूबा म्हणते, "तुम्हा दोघांना एकाच खड्ड्यात पुरायला हवं होतं, आत भांडत बसला असता, गाव शांत राहिलं असतं." अस्वानला जायचंच असेल तर जा. पण आगगाडी कुफ्तवरूनच जाते, एवढं लक्षात ठेव. मी स्टेशनवर येणार नाही. माझ्यानं चालवत नाही. घर तुला माहीत आहे.

आणि त्याआधी मला नीट लिही. हे काय पत्र झालं, एक चौकोन, सत्तर पावलं, संपलं? पहिला कोपरा कुठला लागला, पूर्वेचा की पश्चिमेचा? छिन्नीचे वार आडवे होते की तिरपे? मधोमध खाली उतरणारी वाट कापलेली होती का, तिच्या तोंडाशी काय होतं? राख कुठल्या बाजूला, किती जाड? तुकड्यावरची दोन चिन्हं कुठली, रंग राहिलाय का, हाताला गुळगुळीत लागतो की खरखरीत? सकाळचं ऊन त्या पांढऱ्या चुऱ्यावर पडतं तेव्हा कसं दिसतं?

सगळं लिही. वाचून मला त्रास होईल, तरी लिही. आणि दादा, या वेळी काही म्हणजे काही गाळू नकोस.

महरूस